इंद्रवदनभाईंच्या तोंडाचा वास

१

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं होतं, आणि ते मोडलं नळीभर रक्तानं.

अहमदाबादच्या त्या इस्पितळात एका खोलीत बाप होता आणि शेजारच्या खोलीत मुलगा. बाप म्हणजे इंद्रवदन दोशी, वढवाणच्या पांजरापोळाचे कारभारी. म्हाताऱ्या गाईबैलांची सेवा करण्यात जन्म गेला, आणि आता यकृत वाळून दगड झालेलं, डोळे हळदीसारखे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. मुलगा चिंतन. आपल्या यकृताचा तुकडा बापाला द्यायचा म्हणून सगळ्या तपासण्या पार पाडून तो इस्पितळाचा झगा चढवून बसला होता.

दुपारची जेवणं झाली होती. डॉक्टर नफीसा लोखंडवाला आत आल्या, सगळ्यांना इंद्रवदनभाईंच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"रक्तात दारू सापडली आहे," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलंच नाही. शेवटी मृदुलाबेननी विचारलं, "कुणाच्या?"

"तुमच्या मिस्टरांच्या. भूल देणारे डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांना तोंडाला वास आला, म्हणून रक्त काढलं. दोनदा तपासलं."

"अहो बेन, आमच्या घरात कांदा येत नाही! सूर्य मावळला की हे पाण्याचा घोट घेत नाहीत. तुमच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

डॉक्टरांनी मान हलवली.

चिंतन उठून बापाच्या पलंगापाशी गेला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कोपऱ्यात उभ्या असलेल्या घनुभांना वाटलं.

"पप्पा, मी पोट फाडून घ्यायला तयार झालो," चिंतन म्हणाला. "आणि तुम्ही?"

"देवाशपथ, बेटा. मी थेंबाला शिवलेलो नाही."

"पिणाऱ्या माणसाला आम्ही यकृत लावत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लावू शकत नाही. घरी न्या. रोज श्वास तपासा. काही आठवडे एकदम कोरडे राहिले तर मी पुन्हा समितीपुढे ठेवते. पण लवकर. यांच्याजवळ फार दिवस नाहीत."

मृदुलाबेन वळल्या ते थेट घनुभांकडे. घनुभा वाघेला इंद्रवदनभाईंचे शाळेपासूनचे सोबती, आणि उभी नोकरी नशाबंदी खात्यात काढून निवृत्त झालेले फौजदार.

"बापू, तुम्ही आख्ख्या झालावाड मुलखातली दारू शोधून काढलीत. माझ्या घरात ती कोण आणतंय, तेवढं शोधून द्या."

घनुभांचं लक्ष मित्राच्या तोंडाकडे होतं. तो वास त्यांना दारातूनच आला होता. डॉक्टरांच्याही आधी.

२

वढवाणला आल्याबरोबर घनुभांनी जुन्या खात्यातून फुंकर तपासायचं यंत्र मागून आणलं. नळीत फुंकलं की आकडा दाखवायचं, आणि दारू असली की किंचाळायचं. मग त्यांनी घर झडतीला घेतलं.

पाळण्यात, पाण्याच्या टाकीत, देवाच्या मखरात, एकदा तर वरातीच्या ढोलात लपवलेली दारू त्यांनी बाहेर काढली होती. दोशींच्या घरात काहीच सापडेना. पिठाचे डबे निघाले, गाळण्याची फडकी निघाली, उकळलेल्या पाण्याची तपेली निघाली. असल्या घरात दारू शोधायची म्हणजे वाळवंटात मासा शोधायचा.

आधी त्यांनी सवजीला धरलं. सवजी पांजरापोळातला गडी. हल्ली शेठना आंघोळ घालणं, बसवणं, उठवणं हे काम तोच करायचा. त्याला घनुभांनी पूर्वी एकदा गावठी दारूच्या फुग्यासकट पकडलं होतं.

"सवज्या, खरं बोल. शेठला तू पाजतोस?"

"बापू, मी पितो. परवासुद्धा प्यालो. तुमच्याशी काय खोटं बोलायचं?" सवजी हात जोडून म्हणाला. "पण माझी मलाच पुरत नाही, शेठला पाजायला उरणार कुठून? आणि शेठच्या पोटात ती गेली तर मी नरकात जाईन. तसाही जाणारच आहे, ते वेगळं."

त्याच्या बोलण्यावर घनुभांचा विश्वास बसला नसता. पण सवजी भाचीच्या लग्नाला लिंबडीला गेला, आणि तो नसतानाही दुपारी यंत्र किंचाळलं. सवजी सुटला.

मग एका सकाळी मृदुलाबेन देरासरला देवदर्शनाला गेल्या असताना घनुभांनी तुपाच्या बरण्यांमागे हात घातला, आणि एक काळपट बाटली हाताला लागली. बूच काढून त्यांनी हुंगली. गुळचट, आंबूस, आणि त्याच्या आत तो ओळखीचा चटका.

मृदुलाबेन परतल्या तेव्हा बाटली ओट्यावर ठेवलेली होती. त्या मटकन खाली बसल्या.

"आसव आहे, बापू. वैद्यराजांनी यकृतासाठी दिलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या बाहेरचं काही देऊ नका, म्हणून चोरून देत होते. सूर्य मावळायच्या आत दोन चमचे."

"भाभी, आसव आंबवून करतात. त्यात दारू असतेच."

"औषधात?" त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे... मीच?"

घनुभांना त्यांची दया आली, आणि हायसंही वाटलं. घरात पापी कुणी नव्हतं, एक भाबडी बाई होती. त्यांनी बाटली मोरीत ओतली. चिंतननं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी बापाच्या पलंगावर जाऊन बसला. "पप्पा, चुकलो मी," तो म्हणाला. इंद्रवदनभाई रडले. सून फोरमनं सगळ्यांसाठी मुगाच्या डाळीचा शिरा केला, आणि कधी नव्हे ते घरात हसणं ऐकू आलं.

शिरा खाऊन झाल्यावर बऱ्याच वेळानं, केवळ खात्री करून घ्यावी म्हणून, घनुभांनी यंत्र पुढे केलं.

इंद्रवदनभाईंनी फुंकर मारली. यंत्र किंचाळलं.

३

आता घनुभा रोज येऊन बसू लागले. झडती पुरे झाली. आता नुसतं बघायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी उठल्या उठल्या इंद्रवदनभाईंची फुंकर जवळजवळ कोरी असे. दुपार झाली की डोळे जड होत, जीभ अडखळे, पाय लटपटत, आणि तोंडाला तो वास येई. यकृत बिघडलेल्या माणसाला गुंगी येते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गुंगीला दारूचा वास येत नाही.

सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये काय होतं? एक पेला होता. उसाच्या रसाचा.

काविळीला ऊस चांगला, म्हणून फोरम रोज नाक्यावरून ताजा रस आणवून, गाळून, सासऱ्यांना स्वतःच्या हातानं पाजायची. घनुभांनी पेल्याच्या आधी यंत्र लावलं. आकडा नाही. पेल्यानंतर तासाभरानं लावलं. आकडा चढलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

चतुर्दशीला इंद्रवदनभाईंनी हट्टानं उपवास धरला. डॉक्टरांची सक्त मनाई असताना दिवसभर नुसतं उकळलेलं पाणी. त्या दिवशी फोरमच्या हातचं काहीच पोटात गेलं नाही, आणि त्या दिवशी यंत्र सकाळ, दुपार, संध्याकाळ गप्प राहिलं. इतकंच नव्हे, इंद्रवदनभाई अगदी ताजे होते. घनुभांना शाळेतल्या भूमितीच्या मास्तरांची नक्कल करून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी पारणं झालं, फोरमनं पेला दिला, आणि दुपारी ते भिंतीला धरून चालू लागले.

चोर पकडायला अजून काय लागतं?

आणि कारणही समोर होतं. फोरमला दिवस गेले होते. नवरा पोट फाडून घेणार, त्यात त्याचं काही बरंवाईट झालं तर पोटातलं मूल जन्माआधीच पोरकं. ऑपरेशन थांबवायचं तर सासऱ्यांना मारायची गरज नव्हती. त्यांच्या रक्तात थोडी दारू सापडली की पुरे. इस्पितळातला तो दुपारचा डबाही तिनंच आणलेला.

घनुभांनी तिला एकटीला विचारायला हवं होतं. पण नेमके त्याच दिवशी तिचे आईवडील नडियादहून लेकीला भेटायला आले होते, दिवाणखाना भरलेला होता, आणि घनुभांच्या हातात ते किंचाळणारं यंत्र होतं.

"फोरमबेटा, बाटली कुठं ठेवतेस?"

"कसली बाटली, काका?"

"रसात घालतेस ती. रसात चव कळू नये म्हणून शुद्ध स्पिरिट असेल. कुठं मिळतं तेही मला ठाऊक आहे. तू नुसती जागा सांग."

तिच्या आईच्या हातातून बशी निसटली. फोरमनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. चिंतननं पटकन "नाही" म्हणायला हवं होतं. तो क्षणभर थांबला, आणि तो क्षण तिनं पाहिला.

"तूही?" ती म्हणाली.

"मी काही बोललोय का?"

"तेच म्हणतेय मी. बोलला नाहीस."

तेवढ्यात आतल्या दारात काहीतरी आदळलं. इंद्रवदनभाई भिंतीला धरून उभे होते. धोतर सुटायला आलेलं, डोळे तांबारलेले.

"तिला सोडा," ते म्हणाले. "मी पितो."

४

त्या घराला मग घर म्हणण्यासारखं काही राहिलं नाही. इंद्रवदनभाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं. हो, पितो. हो, चोरून. हो, पूर्वीपासून. मृदुलाबेननी देवघरात जाऊन आतून कडी लावून घेतली. चिंतननं बायकोची बॅग उचलली. निघताना तो बापाच्या पाया पडला नाही.

"मूल होणार आहे मला," तो उंबऱ्यात म्हणाला. "ज्या बापाला स्वतःचं आतडं तोडून द्यायला निघालो होतो, तो माझ्याशी खोटं बोलत होता, हे त्या मुलाला कसं सांगायचं ते आता शोधतो."

नडियादची गाडी निघून गेली. घनुभा इंद्रवदनभाईंजवळ बसले. खटला निकालात निघाला होता, तरी त्यांना काहीतरी खुपत होतं.

"इंदु, काय पितोस तू?"

"दारू."

"ते कळलं. कुठली? गावठी का विलायती?"

इंद्रवदनभाई जरा घुटमळले. "विलायती. लाल रंगाची."

"कशात?"

"लोट्यात. लोटा भरून."

"लोटाभर? पाणी न घालता? आणि घशाला कशी लागते?"

"गोड लागते. थंड. गुलाबाच्या सरबतासारखी."

घनुभा हसले नाहीत. उभ्या नोकरीत 'साहेब, मी प्यालो नाही' असं खोटं सांगणारे त्यांनी पोत्यानं पाहिले होते. 'मी प्यालो' असं खोटं सांगणारा हा पहिलाच.

"लोटाभर नुसती विलायती ओतलीस तर तू जाग्यावर आडवा होशील, गाढवा. आणि ती गोड नसते. घसा जाळत जाते. तू दारू प्यालेला नाहीस. मग का बोललास?"

इंद्रवदनभाईंनी डोळे मिटले. "पोरगी दोन जिवांची आहे, घनु. माझं काय, आज ना उद्या जायचंच आहे. माझ्यासाठी तिच्या कपाळी डाग कशाला?"

"अरे, पण तिनं घातली असेल तर?"

"तिनं नाही घातली. ती रस गाळते तेव्हा मी आतून बघत असतो. माशी पडली तर तिला बोटानं उचलून उन्हात ठेवते ती." मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि खरं सांगू? मला माझीच खात्री वाटत नाही आता. दुपारी पाय माझे राहत नाहीत. उगाच हसू येतं, उगाच रडू येतं. मी जन्मात प्यालो नाही, मला काय ठाऊक नशा कशी असते ते. तू सांग. तुझा धंदा आहे. हीच का ती?"

घनुभांनी मान खाली घातली. हीच होती ती.

"मग मी पीत असेन, घनु," इंद्रवदनभाई म्हणाले. "झोपेत पीत असेन. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

५

दुसऱ्या दिवशी घनुभांनी मित्राला माडीवरच्या रिकाम्या खोलीत नेलं. खोलीत काही ठेवलं नाही. एक गादी, एक स्टोव्ह, एक भांडं. सवजीला जिन्यावर बसवलं आणि मृदुलाबेनना सांगितलं, "मी म्हणेपर्यंत कुणी वर यायचं नाही. भाभी, तुम्हीसुद्धा." दाराला आतून कुलूप लावून किल्ली त्यांनी कनवटीला खोचली.

पाणी त्यांनी स्वतः भरलं, स्वतः उकळलं, स्वतः गार केलं. दुकानातून बंद पुडा आणून त्यातली साखर स्वतःच्या हातानं घातली.

"फुंक."

इंद्रवदनभाईंनी फुंकलं. काही नाही. घनुभांनी फुंकलं. काही नाही.

मग एकाच भांड्यातून, एकाच पेल्यानं, आधी घनुभा प्याले आणि मग इंद्रवदनभाई. नुसतं साखरेचं पाणी. दोघं समोरासमोर बसून राहिले. खाली कुणीतरी कबुतरांना दाणे टाकत होतं, त्यांचे पंख ऐकू येत होते.

"आपल्याला असं वर्गात कोंडलं होतं मास्तरांनी," इंद्रवदनभाई म्हणाले. "तू खिडकीतून पळालास आणि मी बसून राहिलो."

"तू गाढव होतास."

"अजून आहे." ते हसले. त्या हसण्याबरोबर घनुभांच्या नाकाला काहीतरी जाणवलं आणि त्यांनी यंत्र उचललं.

"फुंक, इंदु."

यंत्र किंचाळलं. घनुभांनी नळी बदलली, स्वतः फुंकलं. काही नाही. पुन्हा इंद्रवदनभाईंना फुंकायला लावलं. आकडा आणखी वर.

दार बंद होतं. किल्ली कनवटीला होती. पाणी दोघांनी एकच प्यालेलं. बाटली खोलीत नव्हती, घरातही नव्हती. बाहेरून आत काही आलेलं नव्हतं, म्हणजे जे काही होतं ते आधीपासून आतच होतं. घनुभांनी आयुष्यभर भट्ट्या फोडल्या होत्या. गूळ, पाणी, ऊब, आणि आंबवायला काहीतरी जिवंत. भट्टीला दुसरं काय लागतं? रसाच्या दिवशी दारू, शिऱ्याच्या दिवशी दारू, उपवासाच्या दिवशी कोरडं. फोरमच्या हातावर काहीच अवलंबून नव्हतं. गोड पोटात जातंय की नाही, एवढ्यावरच होतं सगळं.

त्यांची नजर मित्राच्या फुगलेल्या पोटावर गेली आणि तिथंच खिळली.

"इंदु, हे कधीपासून होतंय? अगदी पहिल्यांदा पाय कधी लटपटले?"

इंद्रवदनभाई आठवू लागले. आंधळ्या बैलानं मांडीत शिंग खुपसलं होतं, ते वर्ष. जखम चिघळली होती, डॉक्टर बदलत गेले आणि प्रत्येकानं आणखी जहाल गोळ्या दिल्या. महिनेच्या महिने चाललं. जखम भरली. त्यानंतर दुपारची सुस्ती सुरू झाली, आणि सुस्तीनंतर कधीतरी यकृत सुजल्याचं निघालं.

"का रे?" त्यांनी विचारलं.

घनुभांनी कुलूप काढलं आणि जिन्यावरच्या सवजीला ओरडून सांगितलं, "गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता अहमदाबाद."

६

डॉक्टर नफीसांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "असं मी वाचलंय. पाहिलं नाही कधी."

त्यांनी इंद्रवदनभाईंना नर्सच्या नजरेसमोर ठेवलं, साखरेचं पाणी पाजलं आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त काढलं. दारू चढत गेली. शौचाची तपासणी झाली आणि गुन्हेगार सापडला.

"आपल्या आतड्यात जंतू असतातच," त्या घनुभांना म्हणाल्या. "बरेचसे आपल्या उपयोगाचे. त्या जखमेच्या गोळ्यांनी चांगले जंतू मेले, आणि एका वाईट जातीला रान मोकळं मिळालं. ही जात साखर आणि पीठ खाऊन दारू करते. आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. म्हणजे यांच्या यकृतानं रोज दारू पचवली, बापू. वर्षानुवर्षं. एक थेंब न पिता."

"म्हणजे दारूनंच गेलं यकृत."

"बहुतेक. आणि मी त्यांना दारुडा म्हणून घरी पाठवलं. त्यांच्या बोलण्यापेक्षा कागद खरा मानला मी." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही महिन्याभरापूर्वी आला असतात तर..."

पुढचं त्यांनी सांगितलं ते घनुभांना तुकड्यातुकड्यांनी कळलं. पोटातल्या पाण्यात संसर्ग शिरला होता. मूत्रपिंडं थकत चालली होती. अजूनही यकृत मिळालं आणि अंगानं साथ दिली तर एक बारीक फट उरली होती. मुलाला आणा.

इंद्रवदनभाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं.

"किती असतील रे ते?"

"कोण?"

"ते जीव. आतले."

"कोट्यवधी असतील. मोजतंय कोण."

"जन्मभर पाणी गाळून प्यालो, घनु. जीव मरू नयेत म्हणून. आणि आता ह्यांना मारायची औषधं घेऊ. घ्यावीच लागतील ना?"

"घ्यावीच लागतील."

"मग दे. आणि फोरमला आधी सांग. चिंतनच्या आधी तिला."

दुसऱ्या दिवशी घनुभा नडियादला गेले. फोरमच्या वडिलांनी त्यांना ओसरीवरच उभं केलं, पाणीही विचारलं नाही. फोरम बाहेर आली. घनुभांनी पगडी काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता.

"काका, माझ्या आईसमोर तुम्ही मला विचारलंत, बाटली कुठं ठेवतेस म्हणून."

"चुकलो, बेटा. तुझे पाय धरतो."

"पाय नका धरू. अर्धं तुमचं बरोबरच होतं." तिचे डोळे कोरडे होते. "ऑपरेशन होऊ नये असं मला वाटत होतं. रोज देरासरला जाऊन मी तेच मागत होते. रस मी प्रेमानं पाजला, ते खरं. आणि मागितलं, तेही खरं. आता चिंतनला घेऊन जा. मी अडवत नाही. पण मी येणार नाही."

चिंतन आत सगळं ऐकत उभा होता. चपला घालायचंही त्याला सुचलं नाही. तो अनवाणीच गाडीत येऊन बसला. वाटेत एकदाच बोलला.

"मी क्षणभर थांबलो होतो, काका. तिच्या वेळी. आणि पप्पांच्या वेळी तर थांबलोसुद्धा नाही."

इस्पितळाच्या दारातच मृदुलाबेन भेटल्या. त्या घाबऱ्याघुबऱ्या होत्या. "अन्न घेईनात. चिंतनला आणायचं ठरल्यापासून काही तोंडात घालत नाहीत. डॉक्टरीणबाई ओरडून दमल्या, असं करू नका, गुंगी वाढेल, जिवावर बेतेल म्हणून. नळीसुद्धा लावू देत नाहीत. नुसतं पाणी घेतात."

"का पण?" चिंतननं विचारलं.

मृदुलाबेनना ते सांगता येईना. घनुभांना मात्र कळलं होतं.

खोलीत इंद्रवदनभाई उशांना टेकून बसवलेले होते. अंगात कातडीखाली काही उरलं नव्हतं. चिंतन जवळ गेला तसे त्यांनी हातानं त्याला आणखी जवळ बोलावलं, अगदी तोंडापाशी.

"बघ," ते म्हणाले. "वास येतो का?"

चिंतननं बापाच्या ओठांपाशी नाक नेलं. "नाही, पप्पा. नाही येत."

"दोन दिवस काही खाल्लं नाही. तू आलास तेव्हा येऊ नये म्हणून." त्यांनी मुलाचा गाल चाचपला. "आता शुद्धीत आहे मी. आता जे बोलेन ते खरं धर. मी प्यालो नव्हतो."

"माहीत आहे, पप्पा. माझं यकृत घ्या. आत्ता घ्या."

दारात डॉक्टर नफीसा उभ्या होत्या. घनुभांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अगदी हळू मान हलवली, नाही अशी. मूत्रपिंडं थांबली होती. ते पोट आता उघडलं असतं तर ते टेबलावरच गेले असते.

चिंतनला हे कुणी सांगितलं नाही. तो बापाचा हात धरून ऑपरेशनच्या तारखेबद्दल बोलत राहिला. इंद्रवदनभाई ऐकता ऐकता झोपले. ते पुन्हा उठले नाहीत.

७

दुखवट्याचं बेसणं वढवाणला समाजाच्या वाडीत झालं. पांढरी चादर अंथरली होती, फोटोला चंदनाचा हार घातला होता. पांजरापोळाचे विश्वस्त आले, साधूंच्या उपाश्रयात जाणारी मंडळी आली, बाजारपेठ आली. सवजी चपलांपाशी बसून होता. नडियादहून फोरमचे वडील एकटेच येऊन हात जोडून गेले.

घनुभा दाराजवळ बसले होते. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. शांतपणे, क्रमवार, साक्ष द्यावी तसं. रस, शिरा, उपवास, कुलूप, साखरेचं पाणी, जंतू. इंदु प्यायला नव्हता. सुनेनं काही घातलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं. डॉक्टरांनी लेखी दिलंय. लोक माना डोलावत होते, "अरेरे" म्हणत होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते.

घनुभांना वाटलं, एवढं तरी आपल्या हातून झालं.

मग लघवीला म्हणून ते वाडीच्या मागच्या बाजूला गेले. भिंतीपलीकडे दोघं उभे होते. एक पेढीवाले चंपकलाल आणि दुसरे त्यांचे व्याही.

"पोटातल्या पोटात दारू होते म्हणे!" व्याही म्हणाले. "असं कधी ऐकलंय का हो?"

"काय करणार? वाघेलाबापू बालमित्र पडले," चंपकलाल म्हणाले. "पिणारा तर गेला. मागं राहिलेल्यांची अब्रू कुणीतरी झाकायला हवी ना? आणि सुनेचंही त्यांनी सारवून घेतलं बघा. मित्र असावा तर असा."

घनुभा भिंतीपाशी उभे राहिले. पलीकडे जाऊन पुन्हा सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पहिल्यापासून, क्रमवार. पाय उचललासुद्धा त्यांनी. पण पलीकडून व्याह्यांचा आवाज आला, अगदी मनापासून, भरून आलेला:

"खरंय. देवमाणूस आहे हो तो. मित्रासाठी म्हातारपणी एवढं खोटं बोलायचं म्हणजे सोपं नाही."

घनुभा परत फिरले आणि येऊन चादरीवर आपल्या जागी बसले. तेवढ्यात आणखी कुणी आलं, हात जोडून त्यांच्या शेजारी टेकलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय झालं होतं हो इंद्रवदनभाईंना?"